स्पार्क प्लग ‘गच्च आवळा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

गणपतीच्या तोंडावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर स्पार्क प्लगबद्दल, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणाऱ्या भागाबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘कोकणच्या खाऱ्या हवेने स्पार्क प्लग गंजून अडकतात. म्हणून दर वर्षी बदला, इंजिन गरम असतानाच काढा, नव्याच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावा आणि लांब पान्याने जोर लावून गच्च आवळा.’ कृपा करून असं करू नका. हेडचे, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाचे, आटे गेले तर प्लगच्या कितीतरी पट खर्च येतो.

आधी गंज. नीट बसलेल्या प्लगचे आटे वायसरखाली बंद असतात, खारी हवा लागते ती वरच्या भागाला. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत प्लग खोल भोकात असतो आणि वर त्याला वीज देणारी कॉइल. कॉइलचं रबर चिरलं की पावसाचं नाहीतर धुताना मारलेलं पाणी आत साठतं, गंज धरतो, गाडी मिसफायर करते, म्हणजे ठिणगी चुकून झटके देते. तेव्हा रबर तपासा. प्लग काढण्याआधी त्या भोकात हवा मारा, नाहीतर तिथली वाळू सरळ सिलिंडरमध्ये.

दर वर्षी बदलायचीही गरज नाही. साधे निकेल प्लग साधारण 30-40 हजार किलोमीटर चालतात, इरिडियम बहुधा लाखाच्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

गरम इंजिनाचा सल्ला तर उलटाच. तापलेलं अ‍ॅल्युमिनियम नरम पडतं, प्लग फिरवताना हेडचे आटे सोबत खरवडून येतात. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. तरीही प्लग अडला तर जोर करू नका. बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडा, मुरू द्या, मग थोडा सैल, थोडा परत घट्ट असं करत काढा.

सगळ्यात जास्त नुकसान ग्रीस आणि जोर मिळून करतात. आवळताना आपला बराचसा जोर घर्षणात जातो. आटे तेलकट झाले की तेवढ्याच जोरात प्लग जास्त ओढला जातो आणि त्याचा धातूचा भाग ताणतो. चांगल्या प्लगवर गंजरोधक मुलामा असतोच, त्यामुळे आटे कोरडेच ठेवा.

वायसरवाल्या, 14 मिलिमीटर जाडीच्या आट्यांच्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये 25 ते 30 न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला फार तर दहा किलोंचा जोर. 12 मिलिमीटरच्या प्लगला 15 ते 20 च. टॉर्क रेंच (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) नसेल तर प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून बोटांनी फिरवा. आटे तिरके धरले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. वायसर टेकला की पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबा. वायसर दबताना हाताला कळतो. जुनाच प्लग परत लावत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, टेकल्यावर जेमतेम एक-बारांश फेरा पुरतो. वायसर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला तर एक-सोळांश.

मात्र सैलही ठेवू नका. प्लगची उष्णता आट्यांतून आणि बैठकीतून हेडमध्ये उतरते. ती वाट तुटली की टोक लालबुंद होतं आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेट घेतं. चढाच्या घाटात, भरल्या गाडीत, पिस्टनला तेच भोवतं.