स्टिक हलते ना, मग उडवा

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या, म्हणजे जमिनीवरच्या वायर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, वायरीने वर खेचलं जाणारं बिनइंजिनाचं विमान ज्यांनी बघितलंय त्यांना ग्लायडर म्हणजे काय हे सांगायला नको. पण इंग्लंड-जर्मनीकडे स्वतःचं ग्लायडर बाळगणाऱ्यांची मजा वेगळीच असते, त्यांचं विमान बऱ्याचदा पंख काढून लांबलचक ट्रेलरमध्ये झोपलेलं असतं. शनिवारी सकाळी ट्रेलर उघडायचा, पंख विमानाच्या धडात सरकवायचे, मेन पिना घालायच्या, शेपटीवर टेलप्लेन म्हणजे मागचा छोटा आडवा पंख बसवायचा, आतले कंट्रोलचे रॉड एकमेकांना जोडायचे आणि उडायचं, संध्याकाळी परत सगळं सोडवून आत. म्हणजे पायलट तोच, मेकॅनिक तोच आणि बहुतेक वेळा तपासनीसही तोच. स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच मार्क द्यायचे, अजून काय पाहिजे! तुम्ही या छंदात नवीन असाल तर एखादा कंट्रोल न जोडताच हवेत कसं जायचं याचं थोडं मार्गदर्शन करतो, फुकट आहे, घ्या.

सुरुवात उशिरा येण्यापासून करा. सकाळी लवकर येऊन निवांत जोडणी करणारे लोक बोअर असतात. आपण अकरा-साडेअकराला यायचं, तोवर आभाळात कापसासारखे ढग धरायला लागलेले असतात, लाँचच्या रांगेत सात-आठ ग्लायडर उभी असतात आणि कालच ज्याच्यापुढे तुम्ही ३०० किलोमीटर उडण्याच्या बाता मारल्या तो वर जाऊन चकरा मारत असतो. अशा वेळी माणसाचे हात फार झरझर चालतात आणि डोळे सगळे वर असतात, आपल्याला नेमकं तेच हवंय.

जोडणी चालू असताना गप्पा मारा. जाणकार सांगतात की एकानेच सूत्रं हातात घ्यावीत, मध्ये कोणी बोलू नये, आणि बोललंच तर जिथे होतो तिथून नाही, थोडं मागे जाऊन परत सुरू करावं. कोणाला एवढा वेळ आहे? फोन आला तर घ्या, शेजारच्याला त्याचा पंख धरायला हात हवा असेल तर जा, माणुसकी नावाची काही चीज आहे की नाही. परत आल्यावर 'हां, हे झालं होतं' असं मनाशी म्हणा आणि पुढचं काम घ्या. झालं होतं की करणार होतो, यातला फरक मेंदू फारसा ठेवत नाही, त्याला दोन्ही आठवणी सारख्याच दिसतात.

आता मुख्य विषय. जुन्या बऱ्याच ग्लायडरांत लोटेलिए नावाचं कपलिंग असतं. एका रॉडच्या टोकाला सुपारीहून लहान असा चकचकीत गोळा, दुसऱ्याच्या टोकाला त्यावर बसणारी वाटी, आणि वाटीत स्प्रिंगवरची छोटीशी पाचर. बोटाने पाचर दाबायची, वाटी गोळ्यावर चढवायची, पाचर सोडायची, ती परत येऊन गोळ्याला अडकवते. पाचरीला एक बारीक भोक असतं, त्यात सेफ्टी पिन. हे सगळं पंखांच्या मागे पाठीवरच्या झाकणातून कोपरापर्यंत हात घालून, अर्धवट दिसतंय अर्धवट नाही अशा अवस्थेत, मनगटाला कुठली तरी पत्र्याची कड खरचटत. पाचर पुरती बसली नसेल तर भोक जागेवर येत नाही आणि पिन जात नाही. अशा वेळी दोष पिनेला द्या. 'ग्रीस भरलंय भोकात', 'ही पिन जरा जाडच आहे', असं काहीतरी पुटपुटा आणि झाकण लावून त्यावर छान सरळ पांढरी टेप मारा. टेप मारली की काम संपल्याचं जे समाधान मिळतं ना, ते पिन घातल्यावर पण मिळत नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. वाटी गोळ्यावर नुसती टेकलेली असली तरी जमिनीवर सगळं फस्क्लास चालतं. स्टिक, म्हणजे कॉकपिटमधली कंट्रोलची दांडी, डावीकडे नेली की एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची विमान कलवणारी पट्टी, हलतो, उजवीकडे नेली की हलतो, बघणारा म्हणतो वा! कारण जमिनीवर त्या एलेरॉनवर हवेचा जोरच नसतो. जोर येतो वेग धरल्यावर, आणि मग ती वाटी स्वतःच्या सवडीने गोळ्यावरून उतरते. म्हणून 'हलतंय का' एवढंच बघा, 'जोडलंय का' असलं विचारू नका.

काही खडूस लोक मात्र ऐकत नाहीत. ते म्हणतात, एकाने बाहेर उभं राहून एलेरॉन तळहाताने घट्ट धरायचा आणि आतल्याने स्टिकवर दोन्ही बाजूंनी जोर द्यायचा, स्टिक अडली पाहिजे, मग दुसरा पंख, मग एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी), मग एअरब्रेक (पंखातून वर येणाऱ्या, विमान खाली आणणाऱ्या फळ्या), सगळं एकेक करून. चांगली पाच मिनिटं जातात हो! नाहीच टळलं तर निदान माणूस तरी नीट निवडा. नवीन आलेला, कुंपणापाशी कुतूहलाने उभा असलेला एखादा धरा, त्याला 'जरा हे पकड' एवढंच सांगा. तो मोडेल या भीतीने दोन बोटांनी हळूच धरेल, स्टिक हलली की सोडून देईल आणि 'ओके ना?' म्हटल्यावर 'ओके' म्हणेल. किंवा तीन-चार जाणकार एकदम मदतीला बोलवा. मंगळसूत्र भटजींकडे असेल असं मामाला वाटतं, मामाकडे असेल असं काकूला वाटतं, तसं एलेव्हेटरची पिन कोणीतरी बघितलीच असेल असं सगळ्यांना वाटतं आणि कोणाचा मान दुखावत नाही.

'पण आपण साधी माणसं, आपल्याला जमेल का?' असा न्यूनगंड असेल तर तो काढून टाका, मोठमोठ्यांना जमलंय. लँकेस्टर बॉम्बर ज्यांनी डिझाइन केलं ते रॉय चॅडविक २३ ऑगस्ट १९४७ ला इंग्लंडमधल्या वुडफर्डला टेस्ट फ्लाइटच्या अपघातात गेले, स्वतःच्याच कंपनीच्या ट्यूडर विमानात. एलेरॉनचे कंट्रोल उलटे जोडले गेले होते, डावीकडे म्हटलं की विमान उजवीकडे. २००१ मध्ये फ्रँकफर्टला लुफ्थान्साच्या एअरबस ३२० चं तेच, दुरुस्तीनंतर कॅप्टनची साइडस्टिक उलटी झालेली. को-पायलटने आपल्या बाजूने कंट्रोल घेतला म्हणून निभावलं, नाहीतर पंखाचं टोक धावपट्टीला लागायला काही फुटांचाच हिशोब होता. तेव्हा कंट्रोल हलले की बस्स, कुठल्या बाजूला हलले हे बघणं म्हणजे निव्वळ चिकित्सकपणा.

कॉकपिटमध्ये बसल्यावर चेकलिस्ट असते. ब्रिटिश क्लबांत तिची सुरुवातच कंट्रोल्सने होते, मग बॅलास्ट (म्हणजे वजन), बेल्ट, इन्स्ट्रुमेंट, फ्लॅप, ट्रिम, कॅनोपी (वरचं काचेचं झाकण), ब्रेक आणि 'काही बिघडलं तर काय करणार' हेसुद्धा. ही मारुती स्तोत्राच्या स्पीडने म्हणायची, श्वास न घेता, म्हणजे हात तिथे पोचायच्या आत तोंड पुढे गेलेलं असतं. मागे शेपटीखाली ढकलायची डॉली तशीच राहिली तर राहू द्या, तेवढंच वजन मागे गेलं की नाक वर वर जायला लागतं, तुम्हाला वाटेल आज लिफ्ट, म्हणजे वर नेणारी हवा, काय भारी आहे!

एअरब्रेक लॉक करायला विसरलात आणि ओढून नेणाऱ्या टो विमानामागे निघालात तर पुढचा पायलट नुसतं रडर (शेपटीवरची उभी पट्टी) हलवेल, म्हणजे 'बाबा रे, तुझे ब्रेक बघ'. पंख हलवले तर 'आत्ताच्या आत्ता वायर सोड'. हे दोन इशारे अजिबात पाठ करू नका. रडर हललं की घाबरून वायर सोडून द्या, झाडांच्या उंचीवर, ब्रेक उघडेच ठेवून. असं करणारे लोक खरोखर होऊन गेलेत, मी माझ्या पदरचं सांगत नाही.

विंचवर तर अजून सोपं. काही सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग आणि मग जवळजवळ ४५ अंशात आभाळाकडे. त्या वेळी एलेव्हेटर जोडलेला नसेल तर स्टिक इतकी हलकी लागते की विचारू नका, पॉवर स्टिअरिंगच. पाठीला पॅराशूट असतंच, पण एवढ्या खाली ते उघडायला उंची पुरत नाही, त्यामुळे त्याची रीपॅकची, म्हणजे परत घडी घालून घ्यायची, तारीख बघण्याचा त्रासही वाचतो.

आणि हो, डीआय बुकवर, म्हणजे रोजच्या तपासणीच्या वहीवर, सही सकाळी ट्रेलर उघडतानाच करून टाका, नंतर पेन सापडत नाही.