आई, मी आणि जर्सीचा कचरा कंत्राटदार

'द सोप्रानोज' मला एकट्यानं बघायची होती. हे आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा हेतू शुद्ध होता एवढं तरी रेकॉर्डवर राहील.

न्यू जर्सीतल्या एका इटालियन माफिया कुटुंबाची ही मालिका १९९९ ते २००७ अशी चालली. भाग ८६. मी पार्सिपनीला राहतो. टोनी सोप्रानोचं घर ज्या नॉर्थ काल्डवेल गावात दाखवलंय, ते आमच्यापासून गाडीनं वीसेक मिनिटांवर. आणि तरी मी ती बघितली नव्हती. ऑफिसात हे फुटलं तेव्हा लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण देहूत राहून इंद्रायणी न बघितलेल्या माणसाकडे बघू.

म्हणून बेत आखला. रात्री सगळे झोपले की हेडफोन, चिवड्याची वाटी आणि मी. हा बेत एकूण अकरा मिनिटं टिकला. कारण चारच दिवसांपूर्वी कराडहून आई आली होती, सहा महिन्यांसाठी, आणि तिचा जेटलॅग उतरायचा होता. रात्री दीड वाजता ती हातात गुडघ्याच्या तेलाची बाटली घेऊन बाहेर आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "काय लावलंयस?"

"मालिका. फॅमिलीची." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मग कानाला ते काय लावलंयस? मलाही ऐकू येऊ दे."

पडद्यावर टोनी आपल्या पोहण्याच्या तलावात उतरलेली बदकं बघत होता. बदकं उडून गेली आणि हा एवढा आडदांड माणूस धाडकन खाली कोसळला. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. आईनं गुडघ्यावर तेल चोळता चोळता निदान बदललं. "पित्त आहे. सकाळपासून मांस खातोय. काय खातोय ते?"

"गाबागूल. डुकराच्या मांसाचे काप. खरं नाव कॅपिकोला, पण इथले इटालियन गाबागूल म्हणतात."

"नाव काहीही असू दे. पित्तच."

मला वाटलं, दोन खून झाले की उठेल आणि झोपायला जाईल. मी तिला ओळखत नव्हतो. खुनांकडे तिनं लक्षच दिलं नाही. ती एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. तिचा जीव अडकला वेगळ्याच गोष्टीत. एका माणसाच्या डोक्याला पिस्तूल लावलेलं, तो थरथरतोय, आणि टोनीचा माणूस सांगतोय की हा 'डोन्ट नो नथिंग'. आई कळवळली. "एका वाक्यात दोन नकार! आणि 'ही'ला 'डोन्ट'! अरे, यांच्या शाळेत तपासणी होत नव्हती का?" तोवर गोळी सुटून गेली होती.

मी शिव्यांचं भाषांतर करायला लागलो होतो. त्या एका सुप्रसिद्ध शिवीला मी 'मेल्या'पासून 'बावळटा'पर्यंत सहा-सात पर्याय वापरून बघितले. तिसऱ्या रात्री आई म्हणाली, "मला कळतंय ते. तू मधे मधे बोलू नकोस, संवाद बुडतात." त्यानंतर ती मेथी निवडायला घेऊन बसायची आणि दर शिवीला एक काडी वेगळी काढून ठेवायची. का, ते मी विचारलं नाही. भाग संपेपर्यंत काड्यांचा ढीग पानांपेक्षा मोठा व्हायचा.

खरी परीक्षा होती बाडा बिंग. हा टोनीच्या टोळीचा अड्डा असलेला क्लब, आणि त्यांची सगळी महत्त्वाची बोलणी नेमकी तिथं चालतात. मागे खांबाला धरून बायका नाचत असतात, त्यांच्या अंगावर वर्णन करण्यासारखं फारसं काही नसतं. मी दर वेळी घाईघाईनं पुढं पळवायचो. चौथ्यांदा पळवलं तेव्हा आईनं रिमोट काढून घेतला. "मागे घे. तो पैशाचं काहीतरी सांगत होता. आणि बायकांकडं तू बघू नकोस." मग स्वतःशीच, "एसीत बिचाऱ्यांना थंडी वाजत असेल." बायको एकदा पाणी प्यायला आली ती दारातच थिजली. "आई, तुम्ही हे बघताय?" आई म्हणाली, "अगं बस. हा चर्चमधला भटजी बघ, बरोबर जेवायच्या वेळेला येतो." टोनीच्या बायकोकडे, कार्मेलाकडे, तो फादर खरंच ताटावर ताव मारायलाच येतो. बायको बसली. घरात माझ्या बाजूनं कोणी उरलं नाही.

टोनीचा जगाला सांगायचा धंदा म्हणजे कचरा व्यवस्थापन. इथं मी स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं, तर आईनं हातानंच थांबवलं. "कचऱ्याचं कंत्राट ना? कळलं." टोनीच्या मैत्रिणीच्या वेळीही तेच. मी 'मैत्रीण' म्हणालो तर म्हणे, "अंगवस्त्र म्हण की सरळ." अमेरिकेत आठ-दहा वर्षं काढून मला जे समजावून घ्यावं लागत होतं, ते तिला कराडच्या पुण्याईवर आधीच ठाऊक होतं.

आणि तिथंच माझी पंचाईत सुरू झाली. माफियाची मालिका म्हणून मी जी बघायला घेतली, ती निघाली मानपानाची. खून दोन-तीन भागांत एखादा. बाकी वेळ कोण कोणाच्या मयताला आला नाही, कोणी पाकीट हलकं दिलं, कोणाला कोणाच्या आधी बसवलं. एका माणसाच्या बायकोच्या जाडीवरून कोणीतरी विनोद करतो आणि त्यावरून दोन टोळ्यांत रक्त सांडायची वेळ येते. मला हे अतिशयोक्त वाटलं. आईला नाही. "बरोबर आहे त्याचं. माझ्या लग्नात तुझी आत्या माझ्या रंगावर बोलली होती. तुझे बाबा गप्प बसले." आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की बाबांच्या वतीनं मलाच कोणालातरी उडवून यावंसं वाटलं.

प्रत्येक भागाचं बिल माझ्या नावावर फाटायला लागलं. पाचव्या भागात टोनी मुलीला कॉलेजं दाखवायला मेन राज्यात घेऊन जातो आणि मधल्या वेळात एका जुन्या खबऱ्याला वायरनं गळा आवळून मारतो. जगभरच्या प्रेक्षकांना या भागात त्या माणसाचा दुभंगलेपणा वगैरे दिसला. आई म्हणाली, "धंद्यातून वेळ काढून मुलीबरोबर गेला. तू मागच्या महिन्यात तुझ्या पोरीच्या पालकसभेला गेलास का?"

"मीटिंग होती."

"त्यालाही होतीच की."

सगळ्यात वाईट प्रकरण लिव्हियाचं. लिव्हिया म्हणजे टोनीची आई. टीव्हीच्या इतिहासातली बहुधा सगळ्यात भयंकर आई. देवानं आता मला न्यावं, हे तिचं पालुपद. पावसाचा अंदाज असला की गाडी चालवत नाही. अंधार पडल्यावर फोन वाजला तर उचलत नाही. मी हसत होतो. आई हसत नव्हती. "यात काय चुकलं तिचं? रात्रीचा फोन कधी चांगली बातमी आणतो का?"

टोनी तिला ग्रीन ग्रोव्ह नावाच्या वृद्धाश्रमात ठेवतो. तो म्हणतो, हा आश्रम नाही, निवृत्तांची वसाहत आहे. त्याच आठवड्यात मी इंडियन ग्रोसरीतून ज्येष्ठांच्या डे केअरचं एक पत्रक आणलं होतं. सकाळी व्हॅन न्यायला येते, जेवायला खिचडी-कढी, मग भजन, बिंगो, संध्याकाळी घरी. आईला दिवसभर कंटाळा येतो म्हणून आणलं होतं, शपथेवर सांगतो. फ्रिजवर चुंबकानं लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुंबक होतं, पत्रक नव्हतं. ते रिसायकलिंगच्या डब्यात सापडलं, चार घड्या घातलेलं. आम्ही दोघंही त्यावर आजतागायत बोललेलो नाही.

पहिल्या पर्वाच्या शेवटी ही लिव्हिया स्वतःच्या पोराला मारण्याच्या कटात सामील होते आणि टोनी उशी घेऊन तिच्या खोलीकडे निघतो. भाग संपल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिनं असं करायला नको होतं." थोड्या वेळानं, "पण त्यानं कधी नीट बोलून घेतलं का तिच्याशी?" त्या रात्री तिच्या खोलीत पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो आणि सवयीनं तिची उशी सरळ करायला वाकलो. "उशी राहू दे," आई म्हणाली.

वातावरण हलकं करावं म्हणून मी माहिती पुरवली. ही मालिका ज्यानं निर्माण केली तो डेव्हिड चेस इथलाच, न्यू जर्सीत वाढलेला, आणि लिव्हिया त्यानं स्वतःच्या आईवरून बेतली.

"म्हणजे पोरानं आईला टीव्हीवर आणलं?"

"हो, म्हणजे तसं..."

"तू माझ्यावर काही लिहीत नाहीस ना?"

"छे!"

लिव्हियाचं काम करणाऱ्या नॅन्सी मर्चंड २००० साली वारल्या. पुढच्या पर्वात त्यांचा एक शेवटचा प्रसंग हवा होता, म्हणून जुन्या चित्रणातला चेहरा संगणकावर दुसऱ्या बाईच्या धडावर चिकटवला. मला यातलं काही माहीत नव्हतं. आई चष्मा वर करून बघत होती. "हिचं तोंड आज अंगाशी जुळत नाहीये. आजारी आहे का?" भाग संपायच्या आत लिव्हिया गेली. मी नंतर शोधून वाचलं आणि मग आईच्या कुठल्याच मतावर वाद घालायचं बंद केलं.

बरं केलं, कारण त्याच्या पुढच्याच भागात पित्ताचा निकाल लागला. टोनी फ्रिजमधून गाबागूल काढतो आणि पुन्हा कोसळतो, आणि मानसोपचाराच्या त्या डॉक्टर मेल्फीबाई शोधून काढतात की त्याच्या झटक्यांचं मूळ मांसाशी जोडलेलं आहे. लहानपणी बापानं खाटकाचं बोट तोडताना त्यानं बघितलेलं असतं, वगैरे. आईनं 'वगैरे' ऐकलं नाही. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि ही बाई दोन वर्षं तासाचे पैसे घेतेय."

त्याच भागात टोनीचा भाचा म्हणवला जाणारा ख्रिस्तोफर टोळीत रीतसर घेतला जातो. बोटाला टोचून रक्त काढतात, संताचं चित्र हातावर जाळतात, शपथ देतात. "मुंज आहे," आई म्हणाली. मग त्याला सांगतात, आजपासून हे कुटुंब आधी, बाकी सगळं नंतर, आणि इथून बाहेर पडता येत नाही. "आणि हे मला बोहल्यावर सांगितलेलं." तेवढ्यात ख्रिस्तोफरला खिडकीत एक काळा पक्षी बसलेला दिसतो. आईनं मेथी खाली ठेवली. "कावळा शिवला. हा पोरगा जाणार." तो पुढे जातोच, सहाव्या पर्वात. मधली तीन पर्वं त्यानं काहीही केलं की आई 'राहू दे रे, किती दिवस उरलेत त्याचे' म्हणून त्याला माफ करायची.

हे सगळं रोज कराडला पोचत होतं. मावशीला व्हॉट्सॲपवर. आई नावं सांगायची नाही, कारण इटालियन नावं मावशीच्या लक्षात राहत नाहीत. त्यामुळे ऐकू यायचं ते असं: "अगं, तो कचऱ्याचा कंत्राटदार. त्याच्या आईचं परवा झालं. बहीण आलीये, दागिन्यांवर डोळा आहे तिचा. पोरगा शाळेत उनाडक्या करतो." महिनाभरानं मावशीनं मला स्वतंत्र फोन केला. आवाज दबका. "बाळा, तुम्ही राहता ती वस्ती बरी आहे ना? नाहीतर या बाबा परत."

सप्टेंबरात शेवटचा भाग आला. आईचं परतीचं तिकीट आठवड्यावर. टोनी एका साध्याशा हॉटेलात बसलाय, बायको येते, मुलगा येतो, कांद्याची तळलेली चकली मागवलीये, मुलगी बाहेर गाडी लावतेय, दार उघडतं, टोनी वर बघतो आणि पडदा काळा. आवाज बंद. काही नाही.

"रिमोटवर बसलास का?" आई म्हणाली.

मी खरंच उठून बघितलं. २००७ च्या जूनमध्ये हा भाग पहिल्यांदा लागला तेव्हाही लोकांना केबल गेल्यासारखं वाटलं होतं. नावं सुरू झाली तशी आई समजली. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मेला की जगला?"

"ते सांगितलेलंच नाही."

"सहा महिने बसवून ठेवलं आणि सांगितलं नाही?"

शेवटी शनिवारी तिला ते हॉटेलच दाखवायला नेलं. ब्लूमफील्ड गावातलं होल्स्टेन्स, आइस्क्रीमचं जुनं दुकान, १९३९ पासूनचं. टोनी बसला होता ते बाकडं तिथं आता नाही. २०२४ साली ऑनलाइन लिलावात ते ८२,६०० डॉलरला गेलं. मी रुपयांत सांगितलं. "त्यात कराडला फ्लॅट येतो," आई म्हणाली आणि नव्या बाकड्यावर जरा जपून टेकली. टोनी ज्यांना राज्यातल्या सगळ्यात भारी म्हणतो त्या ऑनियन रिंग्ज आल्या. तिनं एक खाल्ली, दुसरी उलटसुलट करून बघितली. "भजी चांगली आहेत. ओवा विसरले." दार उघडलं की मात्र दर वेळी ती वळून बघत होती. मीही बघत होतो.

त्या संध्याकाळी मावशीचा फोन. कराडला पहाटेचे सहा. ती चहा घेऊन वाटच बघत असणार. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि सांगायला लागली. कसं हॉटेल, कोण आधी आलं, मुलीला गाडी लावायला कसं जमेना. इतकं रंगवून की स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली. "...आणि बाई, तेवढ्यात दार उघडलं, त्यानं मान वर केली, आणि..."

फोन बंद झाला. मी बघितलं तर आईचा अंगठा लाल बटणावर होता.

फोन लगेच पुन्हा वाजला. मग पुन्हा. मावशीचा फोटो पडद्यावर येत होता, जात होता. सहाव्यांदा वाजला तेव्हा मी म्हणालो, "अगं आई, घे की. बिचारी कासावीस झाली असेल."

आईनं खिडकीबाहेर बघितलं आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढली.

"अंधार पडल्यावर मी फोन घेत नाही," ती म्हणाली.