रस्त्याचा फोटो कोण काढतं?

एक बाई सायकलवरून चालली आहे. पायघोळ झगा, डोक्यावर हॅट, पाठ ताठ. ती कॅमेऱ्यासाठी थांबलेली नाही, तिच्या कामाला निघाली आहे. फोटो सव्वाशे वर्षांपूर्वीचा, दक्षिण लंडनमधल्या अपर नॉरवूड या उपनगरातला. आणि काढणारा कोण, तर एमिल झोला. होय, तोच फ्रेंच कादंबरीकार.

गेल्या वर्षी तीन महिने लेकीकडे होते. तिचं घर त्या बाजूलाच आहे. सकाळी ती दोघं कामाला गेली की मी पायी फिरायला निघायचे. चर्च रोडवर एक मोठी जुनी पांढरी इमारत आहे, क्वीन्स हॉटेलची. भिंतीवर गोल निळी पाटी. झोला इथे १८९८-९९ मध्ये राहिला होता, असं त्यावर लिहिलंय. नाव वाचलं आणि पावलं थांबलीच. हा माणूस इथे काय करत होता? मग घरी येऊन वाचत बसले, त्याने इथे काढलेले फोटो शोधून पाहिले, आणि त्या फोटोंनी मला जे दाखवलं ते गेले कित्येक महिने डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे. लांबलंय, पण सवड काढून वाचा.

आधी तो इथे कसा आला ते सांगते. ड्रेफस प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात ओझरतं वाचलं असेल. एका निरपराध ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या आरोपाखाली काळ्या पाण्यावर धाडलं होतं. झोलाने १३ जानेवारी १८९८ ला वर्तमानपत्रातून राष्ट्राध्यक्षांना उघड पत्र लिहिलं, ‘मी आरोप करतो’ म्हणून, आणि सेनापतींची नावं घेऊन घेऊन आरोप केले. बदनामीचा खटला झाला, एक वर्षाची कैद आणि तीन हजार फ्रँक दंड. शिक्षा अंमलात यायच्या आत, १८ जुलैच्या रात्री तो पॅरिसहून निघाला. सामान काय, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेला रात्रीचा सदरा. इंग्रजी येत नाही, खोटं नाव लावून हॉटेलं बदलत राहायचं. दोनतीन ठिकाणं फिरून ऑक्टोबरात तो नॉरवूडला येऊन टेकला आणि पुढच्या जूनपर्यंत तिथेच राहिला.

सकाळी लिहायचं, ठरलेली पानं रोज. दुपारी सायकल नाहीतर कॅमेरा. त्याला पन्नाशीच्या आसपास फोटोग्राफीचा नाद लागला होता आणि तो नाद म्हणजे अक्षरशः वेड होतं. फ्रान्समध्ये तीन ठिकाणी त्याच्या डार्करूम होत्या, काचेच्या प्लेटा (तेव्हाच्या निगेटिव्ह) स्वतः धुवायचा, कागद बदलून बदलून छापून पाहायचा. एका सदऱ्यानिशी पळालेल्या माणसाचा कॅमेरा त्याच्यामागोमाग इंग्लंडला आला, यातच काय ते कळतं.

आता तो ज्या उपनगरात आला होता ते कसं होतं, ते बघा. नॉरवूड म्हणजे नॉर्थ वूड, उत्तरेचं रान. एकेकाळी खरंच रान होतं. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काचेचा जो क्रिस्टल पॅलेस बांधला होता, तो उचलून, आणखी वाढवून, १८५४ मध्ये इथल्या टेकडीवर उभा केला. त्याच्या मागे आगगाडी आली. एक स्टेशन १८५४ चं, दुसरं १८६५ चं, एकाच ठिकाणासाठी दोन दोन कंपन्यांच्या गाड्या. गाडी आली की घरं येतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शेजारचं क्रॉयडन १८०१ मध्ये सहा हजारांच्या आत वस्तीचं गाव होतं, १९०१ मध्ये तिथे १ लाख ३३ हजारांहून जास्त माणसं होती. शंभर वर्षांत वीसपटीच्या वर! रस्त्यामागून रस्ता, एकसारख्या घरांच्या रांगा, कोपऱ्यावर दुकानं, नवी चर्चं. मुलुंड, डोंबिवली, वसई ज्यांनी डोळ्यांदेखत वाढताना पाहिलंय त्यांना हे चित्र पुरतं ओळखीचं वाटेल.

आणि नेमक्या याच काळात कॅमेरा साध्या माणसाच्या हातात आला. त्याआधी फोटो काढायचा म्हणजे जागेवरच काचेला ओलं रसायन लावायचं, ते सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच तिथल्या तिथे तंबूत शिरून धुवायचा. छायाचित्रकार नव्हे, आचाऱ्याचा संसारच बरोबर न्यायचा. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या एका इंग्लिश डॉक्टरने कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. तो स्वतः हौशीच. त्या दशकाच्या शेवटाला तयार प्लेटा दुकानात डब्यातून मिळायला लागल्या. घेऊन या, कॅमेऱ्यात घाला, सावकाश आठवड्याने धुवा. १८८८ मध्ये शंभर फोटोंचा रोल घातलेला कोडॅक आला आणि मग तर धुवायचंही कंपनीकडे पाठवता येऊ लागलं. म्हणजे उपनगर आणि हौशी फोटोग्राफर, दोघं बरोबरीनेच मोठे झाले. सुटीचा दिवस, थोडी बाग, घरातली एक अंधारी कोठी, हातात चार पैसे हे सगळं त्याच मध्यमवर्गाकडे होतं जो उपनगरात राहायला येत होता.

मग त्यांनी आपल्या उपनगराचे फोटो काढले का? काढले, पण बहुतेकांची नजर दुसरीकडेच होती. आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं.

१८९७ मध्ये सर बेंजामिन स्टोन या बर्मिंगहॅमच्या खासदाराने राष्ट्रीय पातळीवर फोटोंची नोंद ठेवणारी एक संघटना काढली. देशभरच्या हौशी लोकांनी फोटो काढायचे, न विटणाऱ्या पद्धतीने छापायचे आणि ते ब्रिटिश म्युझियमला द्यायचे. १९०२ मध्ये सरे परगण्याचं असंच सर्वेक्षण क्रॉयडनला सुरू झालं. फार मोठं काम आहे ते, मनापासून सांगते. कोणी पगार देत नव्हतं. माणसं रविवारी सायकलवर ट्रायपॉड बांधून निघायची. पण ती जायची कुठे? जुनं चर्च, लाकडी चौकटीचं जुनं घर, पाणचक्की, जुनी प्रथा, जुनी जत्रा. जे जाणार आहे ते टिपून ठेवा, हा ध्यास. समजण्यासारखा आहे. पण जाता जाता ज्या नव्या रांगांमधून ते सायकल हाकत होते, त्या रांगांकडे कॅमेरा वळवावा असं फार थोड्यांना वाटलं. नवं म्हणजे काय, ते तर इथेच आहे, रोजचंच आहे, त्याचा काय फोटो काढायचा?

झोलाला मात्र तेच सगळं नवं होतं. त्याला भाषा कळत नव्हती, म्हणून तो डोळ्यांनी वाचत होता. त्याच्या इंग्लिश अनुवादकाने लिहून ठेवलंय की फुटपाथवर बायकांच्या केसांतल्या पिना किती पडलेल्या असतात, हे झोलाच्या लक्षात आलं होतं. वरखाली सरकणाऱ्या खिडक्या त्याला अजिबात आवडायच्या नाहीत, त्यावर तो तावातावाने बोलायचा. पिना आणि खिडक्या! जन्मभर तिथे राहणाऱ्याला या गोष्टी दिसतच नाहीत.

त्याचे नॉरवूडचे फोटो असेच आहेत. रस्ता, फुटपाथवरून चाललेली माणसं, घोडागाड्या, सायकलवरच्या बायका, आणि रस्त्याच्या टोकाला क्रिस्टल पॅलेस. आभाळ बहुतेक पांढरंफटक, कारण त्या काळच्या प्लेटांना निळा रंग नको तितका लागायचा. ढग असले तरी दिसत नाहीत. चालणारे पाय कुठे कुठे पुसट झालेत. एक फोटो मी फोनवर मोठा करून पाहत होते, तर वाटलं, या रस्त्यावरून मी काल दूध आणलं. वळण तेच, चढ तोच. फक्त टोकाला पॅलेस नाही. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री तो जळून खाक झाला. आज तिथे बागेत दगडी पायऱ्या आहेत, काही स्फिंक्स आहेत, आणि मधे नुसती रिकामी जागा. मी त्या पायऱ्यांवर बसून तो फोटो पुन्हा पाहिला.

क्रिस्टल पॅलेसचे फोटो उदंड आहेत, त्याची काळजी नको. धंदेवाईक फोटोग्राफरांनी काढले, पोस्टकार्डं निघाली, फिलिप डेलामोट याने तर टेकडीवर तो उभा राहताना टप्प्याटप्प्याने टिपला. पण पॅलेसच्या सावलीतला एक साधा रस्ता, एका साध्या दुपारी कसा दिसायचा, यासाठी कोण पैसे देणार होतं? कोणीच नाही. म्हणूनच हौशी माणूस लागतो. ज्याला गिऱ्हाईक नाही, त्यालाच वाटेल तिकडे कॅमेरा वळवायची मोकळीक असते.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, म्हणजे पॅलेस टेकडीवर उघडला त्याच वर्षाची. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सदस्य होते. उशिरा सुरुवात झाली असं आपल्याला म्हणताच येणार नाही. आणि झोला नॉरवूडला होता त्याच १८९८ मध्ये, प्लेगनंतर, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, ज्याने पुढे दादर-माटुंग्याची आखणी केली. आजही किल्ल्यांचे, मंदिरांचे, व्हीटी स्टेशनचे फोटो ढिगाने मिळतील. तुमच्या गल्लीचा १९७० सालचा एक फोटो शोधून दाखवा बरं.

मी परत आल्यावर हेच केलं. आमच्या घरात बाबांचे तीन आल्बम आहेत. बाबांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, चामड्याच्या कव्हरमधला. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे प्रत्येक वेळी विचार करून बटण दाबायचं. महाबळेश्वर, घारापुरी, शनिवारवाडा, मावशीचं डोहाळजेवण, मुंज झालेली माझी चुलत भावंडं. मी पान न् पान पाहिलं. मुलुंडला पाच रस्त्याजवळच्या ज्या चाळवजा घरात आम्ही बावीस वर्षं राहिलो, त्या रस्त्याचा एकही फोटो नाही. घर रीडेव्हलपमेंटला गेलं, रस्ता रुंद झाला. विहीर बुजवली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, ज्याच्या कोळशाच्या इस्त्रीचा वास अजून माझ्या नाकात आहे, त्याचा चेहरा मला आठवेनासा झालाय. बाबांना दोष नाही. बारा फोटोंत रस्ता कोण काढेल? पण आज आपल्या फोनमध्ये बारा हजार फोटो मावतात आणि तरी आपण तेच करतोय. ताट, केक, आरशातला आपण, आणि सहलीला गेलो की किल्ला.

आणखी एक गोष्ट, त्यावर माझा जीव विशेष तुटतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. पन्नासेक वर्षांच्या निगेटिव्ह होत्या, खोक्यांतून रचलेल्या. मी गेले तोवर भंगारात गेल्या होत्या. जे उरलं होतं त्यावर नाव नाही, साल नाही, जागा नाही. लग्नं, बारशी, दुकानांची उद्घाटनं, सगळे चेहरे अनोळखी. ते वाचले असते तरी कोणाचे म्हणून ठेवायचे होते?

क्रॉयडनच्या त्या सरे सर्वेक्षणात या गोष्टीची फार काळजी घेतली होती. तिथले ग्रंथपाल स्टॅन्ली जास्ट त्यात होते, आणि ग्रंथपालाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. फोटो कार्डावर चिकटवायचा, वर जागा, तारीख, काढणाऱ्याचं नाव. फोटोइतकीच ती चिठ्ठी महत्त्वाची, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. जास्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९१६ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं, फोटो कसे काढायचे, कसे लावायचे, कसे जपायचे. नव्या रांगांकडे त्यांचं दुर्लक्ष झालं असेल, पण ही शिस्त मला त्यांच्याकडूनच घ्यावीशी वाटते. नजर झोलाची आणि नोंद जास्टची, एवढं जरी आपल्या वाड्या-सोसायट्यांमधल्या चार माणसांनी ठरवलं तरी खूप होईल.

मी सुरुवात केली आहे. गेले आठ रविवार सकाळी सात ते आठ आमच्या रस्त्याची एकेक बाजू काढते. दुकानांच्या पाट्या, रिक्षा स्टँड, गुलमोहर, जिन्याखालचा टेलर, पाडायला घेतलेली बिल्डिंग आणि तिच्या गॅलरीत अजून वाळत घातलेले कपडे. माणसांना विचारून काढते, नको म्हणाले तर नाही. महिन्याला वीसेक फोटो कागदावर छापून घेते आणि मागे मऊ पेन्सिलीने जागा, तारीख, कुठल्या दिशेला तोंड करून काढला ते लिहिते. पेनची शाई पुढे उमटते, म्हणून पेन्सिल.

आल्बममध्ये एक गोष्ट मात्र सापडली. १९६८ चा फोटो आहे, काकाच्या लग्नाची वरात निघताना. मधे नवरदेव, शेजारी आजी, तिच्या हातात नारळ. पण उजव्या कोपऱ्यात, बाबांच्या लक्षातही आलं नसेल असा, आमच्या रस्त्याचा चार बोटं तुकडा आला आहे. विजेचा खांब, टेकून ठेवलेली सायकल, आणि एका दुकानाची पाटी. अर्धी पाटी बँडवाल्याच्या खांद्याआड गेली आहे. ‘...भांडार’ एवढंच वाचता येतं, वर किराणा होतं की वस्त्र, ते कळत नाही. फोटो खाली टाकते आहे. पाच रस्त्याच्या जुन्या मंडळींनी जरा झूम करून बघा. दुकानाच्या पायरीवर पांढरी टोपी घातलेला एक माणूस बसलाय, तो कोण, हेही कोणाला आठवलं तर सांगा.