भाकर तीच, भांडणं किती

ख्रिश्चन म्हणजे नाताळ, चर्च आणि पोप, एवढ्यावर आपलं ज्ञान संपतं आणि मग आपण मतं ठोकायला मोकळे. अरे पण पोपला मानणारे फक्त कॅथलिक! आणि सगळ्यात मोठा सण नाताळ नाहीच, ईस्टर आहे, कारण अख्खा धर्म एकाच गोष्टीवर उभाय, येशूला क्रूसावर मारलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. सुरुवातीचा धर्मप्रचारक पौल, त्याने तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात सरळ लिहून टाकलंय की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. देव एकच पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, हे डोक्यावरून जात असेल तर टेन्शन घेऊ नका, पुत्र पित्याच्या बरोबरीचा की त्याने घडवलेला हे ठरवायला ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनला नायसिया शहरात बिशपांची, म्हणजे धर्मप्रमुखांची सभा बोलवावी लागली होती.

पण शाखांमधला फरक कळायचा असेल ना, तर माझं मत विचाराल तर पोप-बिप सोडा, भाकरीकडे बघा. शेवटच्या जेवणात येशूने भाकर मोडली आणि म्हणाला, "हे माझे शरीर आहे." झालं, दोन हजार वर्षं या एका वाक्यावरून काथ्याकूट चालूय.

कॅथलिक म्हणतात मिस्सात, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, फादरने हे शब्द उच्चारले की ती खरंच ख्रिस्ताचं शरीर होते, दिसायला मात्र भाकरच, बिनखमिराची पातळ पांढरी चकती. उरलेली टाकत नाहीत, पेटीत कुलूपबंद ठेवतात आणि जवळ दिवा तेवत असतो. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पोपला न मानणारी पूर्वेकडची जुनी शाखा, तेही खरंच शरीर मानतात पण कसं होतं ते फार खोदत बसत नाहीत, त्यांची भाकर खमिराची, ग्रीक-रशियन चर्चमध्ये द्राक्षारसात भिजवून चमच्याने भरवतात, बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालासुद्धा. १०५४ मध्ये रोम (कॅथलिक) आणि कॉन्स्टँटिनोपल (ऑर्थोडॉक्स) फाटले त्यात पोपचा अधिकार, श्रद्धा-मंत्रातला एक वाढीव शब्द हे होतंच, पण खमिरावरूनही जोरात वाजलं होतं.

मग १५१७ला ल्यूथर नावाचा जर्मन संन्यासी पोपशी भिडला, त्यातून प्रोटेस्टंट ही नवी शाखा आली, आणि त्यांचंही आपसात जमेना. १५२९ला मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. ल्यूथरने म्हणे टेबलावर खडूने तेच वाक्य लिहून ठेवलं आणि वरून कापड टाकलं, झ्विंग्ली म्हणाला "आहे" म्हणजे "दर्शवते", की ल्यूथरने कापड उचलून दाखवलं, वाच! पंधरापैकी चौदा मुद्दे जुळले, भाकरीवर गाडी अडली.

लोक हसतात, एवढ्याशा गोष्टीवरून भांडायचं? मला नाही हसू येत. हातातली वस्तू साक्षात देव आहे की त्याची नुसती आठवण, यापेक्षा मोठा प्रश्न भक्ताला कुठला असणार?

प्रोटेस्टंटांमधलाच एक पंथ बाप्टिस्ट, ते बहुतेक आठवणच मानतात. आणि क्वेकर नावाच्या पंथाची मंडळी सहसा भाकरही घेत नाहीत, द्राक्षारसही नाही, त्यांच्या पारंपरिक सभेत नुसती एकत्र शांत बसतात, कोणाला आतून काही आलं तर उठून बोलायचं, नाही आलं तर तासभर गप्प.