चतुर, टाचणी आणि एक बिननावाची माशी

महाराष्ट्राने 2015 साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू ठरवलं. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावं दिली आणि ब्लू मॉरमॉनचं 'नीलवंत' झालं. किड्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या मित्रमंडळीत त्यावरून अजून जुंपते. नावं कागदी आहेत, रानात कोण म्हणतं 'तो बघ नीलवंत', इंग्रजी नाव सगळ्यांना कळतं की! मीही याच बाजूचा होतो. इंग्लंडला आलो आणि फुटलो.

इथे 2010 पासून दर उन्हाळ्यात 'बिग बटरफ्लाय काउंट' होतो. बागेत नाहीतर माळावर 15 मिनिटं थांबायचं, दिसतील ती फुलपाखरं मोजायची. साऱ्या ब्रिटनमध्ये जाती जेमतेम 60, त्यामुळे शेजारच्या आजी 'रेड ॲडमिरल' आला की नातवाचं नाव घ्यावं तसं ते घेतात. पण ही नावं काही आभाळातून पडली नव्हती. जुन्या हौशी संग्राहकांनीच ती ठेवली. एकेका फुलपाखराला दोन-दोन, तीन-तीन नावं होती. रुळली ती राहिली. तीही एके काळी कागदीच. आपल्या नावांना मात्र आपण चार-पाच वर्षांतच नापास करून मोकळे.

आणि मराठीत जी नावं आयती आहेत त्यांचं काय? तळ्याकाठचे दोन किडे घ्या. बसल्यावर पंख आडवे पसरतो तो चतुर, बहुतेक वेळा मिटून पाठीवर धरते ती टाचणी. इंग्रजीत टाचणीला 'डॅमसेलफ्लाय' म्हणतात; 'डॅमसेल' म्हणजे तरुणी. तळ्याकाठी गवतावर तो निळा, सुईसारखा जीव एकदा बघा आणि सांगा, कोणतं नाव नेमकं आहे. तरी माझ्या जुन्या फोटोंखाली सगळीकडे 'डॅमसेलफ्लाय'च लिहिलेलं आहे. मराठीत लिहिलं तर अडाणी दिसू, असं वाटायचं बहुधा.

गेल्या उन्हाळ्यात आजींच्या तळ्यावर एका चतुराने मला तासभर नाचवलं. हे किडे उडाले तरी पुष्कळदा त्याच काडीवर परत येतात, म्हणून मी काडीवर फोकस लावून बसलो. तो आला, पण शेजारच्या काडीवर. आजींनी विचारलं, तुमच्यात याला काय म्हणतात? अर्थासकट सांगितलं, तर हसून म्हणाल्या, "बरोबर नाव आहे!"

मग त्यांनी फुलावर तरंगणारी माशी दाखवली. नारिंगी-काळे पट्टे, सोंग गांधीलमाशीचं, पण पंख चारऐवजी दोन आणि डंख नाहीच. हिच्या अळ्या झाडांवरची मावा कीड फस्त करतात. इंग्रजांनी सकाळच्या पावावरचा मुरंबा आठवून तिला 'मार्मालेड हॉवरफ्लाय' केलंय. ही माशी भारतातही आहे.

"आणि हिला?"

"माशी," मी म्हणालो.

आजी थोडा वेळ थांबल्या. पुढे काहीतरी येईल असं त्यांना वाटलं असावं.