तिच्या पापण्या जन्मापासूनच्या आहेत

माझी भाचेसून चीनमधल्या चेंगडू शहराची. लग्नाला चार वर्षं झाली, दोघं पुण्यात असतात. गेल्या रविवारी आमच्या माहेरच्या ग्रुपवर एक मेसेज आला, तुमच्याकडेही आला असेल: ‘चिनी बायकांना गोऱ्या मेमसारखं दिसायचंय’. त्यात चार दावे. गोरेपणाचं वेड चीनमध्ये युरोपियनांनी नेलं. डोळ्यांची ऑपरेशनं तिथल्या मुली गोऱ्यांसारखं दिसायला करतात. लहान मुलींचे पाय घट्ट बांधून बारीक ठेवायची चाल मिशनऱ्यांनी बंद केली, चिन्यांना त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. आणि केसांपासून चपलांपर्यंत सगळी फॅशन उसनी. संध्याकाळी सगळे जेवायला जमलो तेव्हा मामींनी वरण वाढता वाढता तिला विचारलं, “तूपण डोळ्यांचं करून घेतलंयस का गं?” “नाही मामीआजी,” एवढंच ती म्हणाली आणि जेवण संपेपर्यंत तिनं ताटावरून मान वर केली नाही.

म्हणून डोळ्यांपासूनच सुरुवात करते. वरच्या पापणीवर जी घडी आपल्याकडे बहुतेकांना असते, ती चीनमध्येही कितीतरी जणींना उपजत असते आणि कितीतरी जणींना नसते. एकाच घरात थोरलीला असते, धाकटीला नसते. माझ्या भाचेसुनेला आहे, तिच्या आईलाही आहे. लग्नातले फोटो काढून बघा. नसेल तर ती ऑपरेशननं पाडून घेता येते. या ऑपरेशनची पहिली वैद्यकीय नोंद 1896 ची, जपानमधली, मिकामो नावाच्या डॉक्टरांची. त्यांच्याकडे आलेल्या जपानी बाईच्या एका डोळ्याला घडी होती, दुसऱ्याला नव्हती. दुसरा डोळा पहिल्यासारखा करायचा होता. म्हणजे नमुना तिच्याच चेहऱ्यावर होता, कुठल्या मेमच्या नाही!

आता, एक मान्य करावं लागेल. 1950 च्या दशकात मिलार्ड नावाचे अमेरिकन सर्जन कोरियात होते. त्यांनी हे ऑपरेशन चेहरा पाश्चात्त्य दिसावा याच हेतूनं केलं आणि तसं लिहूनही ठेवलं. मेसेजमधलं अर्धं सत्य बहुधा तिथूनच आलेलं. पण एका अमेरिकन डॉक्टरच्या डोक्यात काय होतं, यावरून आज चेंगडूतल्या किंवा शांघायमधल्या मुलीच्या मनात काय आहे हे कसं ठरवणार? तिच्यावर दडपण असतं, ते मी नाकारत नाही. लग्नाच्या बाजारात फोटो बघितले जातात, नोकरीच्या अर्जाला फोटो लागतो, कोरियन मालिकांमधले चेहरे रोज समोर असतात. ते दडपण वाईटच आहे. पण त्याचा उगम युरोपात शोधून हाती काही लागत नाही. उलटं उदाहरण बघा. ल्यू यान ही ज्यांग्शी प्रांतातली मॉडेल. बारीक डोळे, वर आलेली गालफडं, चेहऱ्यावर वांगासारखे ठिपके. 2000 साली पॅरिसच्या मॉडेलिंग स्पर्धेत ती दुसरी आली. पाश्चात्त्यांना ‘खरी चिनी सुंदरी’ म्हणून ती पसंत पडली आणि तिच्याच देशात लोक तिला बिनदिक्कत कुरूप म्हणत राहिले. चिनी लोक सौंदर्याची व्याख्या पॅरिसकडून घेत असते तर असं झालं असतं का?

गोरेपणाचा दावा तर वाचवत नाही. ‘शीजिंग’ हा चीनमधला कवितांचा सर्वांत जुना संग्रह, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. त्यात वेई राज्यात लग्न होऊन आलेल्या एका राजकन्येचं वर्णन आहे: बोटं कोवळ्या पांढऱ्या कोंबांसारखी, कांती थिजलेल्या चरबीसारखी, मान पांढऱ्याफटक अळीसारखी, दात दुधीच्या बियांसारखे. मान अळीसारखी! ही उपमा कुठल्या युरोपियनानं शिकवली असेल? तेव्हा इंग्लंड नावाचा देशही नव्हता. ‘एक गोरेपणा तीन उणिवा झाकतो’ अशी चिनी म्हणच आहे. कारण आपल्याला समजायला अवघड नाही: उन्हात राबणारी काळवंडते, सावलीत बसणारी उजळ राहते. आणि युरोप-अमेरिकेत तर गेली शंभर वर्षं ऊन खाऊन कातडी तांबूस करून घ्यायची हौस आहे. नक्कलच करायची असती तर चीनमधल्या छिंगदाओ शहराच्या समुद्रावर बायका डोळे, नाक, तोंड सोडून सगळा चेहरा झाकणारे कापडी मुखवटे घालून पोहल्या नसत्या. आमची सून दुपारी छत्रीशिवाय बाहेर पडत नाही, तर म्हणे मेमसाहेब! माझी आईसुद्धा पदर घेतल्याशिवाय उन्हात जात नसे.

पायांचं. मिशनऱ्यांचा वाटा होता, हो. 1875 च्या सुमारास श्यामेन या चिनी बंदरात त्यांनी पाय न बांधण्याच्या शपथा घ्यायला लावल्या, 1895 मध्ये शांघायला मिसेस लिटल या इंग्रज बाईंनी या चालीविरुद्ध संस्था काढली. पण ‘चिन्यांना वावगं वाटतच नव्हतं’ हे धादांत खोटं. खांग्शी बादशहानं 1664 मध्येच या चालीवर बंदी घातली होती. ती टिकली नाही, चार वर्षांत मागे घ्यावी लागली. तेव्हा राज्य करणारे मांचू लोक, त्यांच्या बायका पाय बांधत नसत. खांग योवेई या चिनी सुधारकांनी आपल्या मुलींचे पाय बांधू दिले नाहीत. आणि च्यू चिन या चिनी कवयित्रीनं स्वतःच्या बांधलेल्या पायांच्या पट्ट्या स्वतः सोडल्या, जपानला शिकायला गेली, परत येऊन क्रांतीत उतरली. 1907 मध्ये तिचा शिरच्छेद झाला. पाच-सहा वर्षांच्या पोरीची बोटं तळव्याखाली मुडपून वर्षानुवर्षं आवळायची, हे दुखणं दुसऱ्या कुणी येऊन सांगावं लागतं का?

फॅशनबद्दल मेसेज बराचसा बरोबर आहे. 1920-30 च्या शांघायमध्ये कापलेले, कुरळे केलेले केस, उंच टाचा, सिगारेट कंपन्यांच्या कॅलेंडरांवरच्या बायका, हे सगळं पश्चिमेकडूनच आलं. छीपाव हा उभ्या गळपट्टीचा चिनी झगा, तो अंगासरशी बेतला गेला तोही त्याच काळात. तेवढं खरं.

हे सगळं मी ग्रुपवरही टाकलं आहे. मामी, तुम्ही वाचाल तेव्हा तिला फोन करा. बोलायची अडचण नाही, ती मराठी छान बोलते.