रद्द होणारं गाव कसं वसवावं

व्हिडिओ गेमसाठी गाव वसवायला घेतलंत, अभिनंदन. एन्व्हायर्नमेंट आर्टिस्टला, म्हणजे गेममधली घरं-झाडं-दगड घडवणाऱ्याला, सातबारा लागत नाही, बिगरशेतीची परवानगी लागत नाही, भावकीची सही तर नाहीच नाही. घर मालवणात असेल तर आणखी सोयीचं: स्टुडिओ सातासमुद्रापार आणि गेममधला ‘उष्णकटिबंधीय किनारा’ खिडकीबाहेर फुकट.

सुरुवात करड्या ठोकळ्यांनी होते. त्याला ग्रेबॉक्स म्हणतात. खेळाडू कुठून धावेल, कुठे लपेल, एवढंच त्यात बघतात. गेम इथे रद्द झाला तर फक्त ठोकळे जातात, म्हणून शहाणे इथेच रेंगाळतात. तुम्ही थेट जांभ्याच्या गडग्याला हात घाला.

टेक्स्चरचे, म्हणजे ठोकळ्यांवर चढवायच्या पृष्ठभागाचे, फोटो ढगाळ उजेडात काढावेत. उन्हाची सावली दगडावर छापली गेली की गेममधल्या सूर्याशी तिचं पटत नाही. कोकणात ढगांना काय तोटा! पण ओला चिरा चमकतो आणि रफनेसचं, म्हणजे पृष्ठभाग किती खरखरीत दिसावा याचं, गणित बिघडतं. म्हणजे आभाळ भरलेलं हवं, पाऊस नको; मृगाआधीचे चार-दोन दिवस काय ते मिळतील. तेव्हा शेवाळ वाळून काळं पडलेलं असतं आणि आर्ट डायरेक्टरला ते हिरवंगार हवं असतं. मग हातानं रंगवा. पाणी कुठल्या बाजूनं ओघळतं, पागोळ्या जोत्यावर कुठे शिंतोडे उडवतात, लाल चिखल भिंतीवर किती चढतो, सगळं. यात पावसाळा सरेल. शेवटी आर्ट डायरेक्टर म्हणेल, “दगड फार लाल आहे, खरा वाटत नाही.” वाद घालू नका. लाली कमी करा आणि त्या दिवशी स्वतःच्या घराच्या जोत्याकडे बघणं टाळा.

माडाचंही तेच. एकच माड फिरवून-फिरवून शंभर ठिकाणी लावायची रीत आहे, पण तुम्ही पडलात कोकणातले. तुम्हाला प्रत्येक माडाचा बाक निराळा हवा. झावळ्या एकीवर एक आल्या की तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो आणि फ्रेमरेट कोसळतो, म्हणजे गेम अडखळत चालतो. निम्म्या झावळ्या छाटा. माडावर चढणाऱ्या पाडेल्याची मजुरी तरी वाचते.

रद्द झाल्याची बातमी व्हिडिओ कॉलवर कळते. तिकडची सकाळ, इकडची जेवणं आटपलेली. ‘रद्द’ हा शब्द कुणी उच्चारत नाही; ‘प्राधान्यक्रमांचा फेरविचार’ झालेला असतो. कॉल संपेपर्यंत तुमचं लॉगिन बंद. निराश होऊ नका, संगत मोठी आहे. ब्लिझार्ड या गेम कंपनीनं ‘टायटन’ या गेमवर वर्षानुवर्षं घालवून तो गुंडाळल्याचं २०१४ मध्ये जाहीर केलं, मायक्रोसॉफ्टनं ‘स्केलबाउंड’ २०१७ च्या जानेवारीत. ‘टायटन’मधलं काही पुढे त्यांच्याच ‘ओव्हरवॉच’ या गेमच्या कामी आलं. तुमचा गडगाही कुठल्यातरी गेममध्ये निघेल. बहुधा करड्या रंगात.

वाडीत मात्र तयारीनं वावरा. “काय रे, तुझो गेम कदी येतलो?” असं कुणी ना कुणी विचारणारच. “येतलो,” म्हणायचं आणि पुढे चालायचं. गोपनीयतेच्या करारामुळे गेमचं नाव सांगता येत नाही, आणि ज्याचं नाव सांगता येत नाही तो रद्द झाला हेही सांगता येत नाही. समोर सिंधुदुर्ग किल्ला बघा. १६६४ मध्ये बांधायला घेतला, अजून लाटा खातोय, आणि त्याचे फोटो कुणीही काढून कुठेही टाकतो. तुम्ही मात्र स्वतःच रचलेल्या भिंतीचा एक स्क्रीनशॉट टाकून बघा, वकिलाचं पत्र किती तत्परतेनं येतं ते.

पुढे नवी नोकरी. “इतकी वर्षं काय केलंत?” असं विचारतील. दाखवायला काही नसल्यामुळे एक चाचणी देतील: आठवड्याभरात बर्फातली झोपडी, शक्यतो धूर आणि पावलांच्या खुणांसकट. मे महिना असेल, लाइट गेलेली असेल, इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजत असेल. तरी करा. मोबदला किती, हे तेवढं विचारू नका. विचारलंत, तर तुम्हाला या कामाची मुळात आवडच नाही, असा शेरा पडतो.